आई, गेल मेला म्हणजे कोण मेला ते सांगतो

गेंट, बेल्जियम
१४ डिसेंबर

ती. आई-बाबांना सा. न.

परवा व्हिडिओ कॉल चालू असताना मी मध्येच "अरे गेल मेला!" म्हणून ओरडलो आणि तू केवढी दचकलीस, बाबांनी तर टीव्हीच बंद केला. म्हटलं फोनवर नीट सांगता येत नाही, एकदाचं लिहूनच टाकतो. तर गेल हे नाव आहे. बाल्डर्स गेट ३ नावाचा गेम आहे ना त्यातला जादूगार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आला हा गेम, आणि गंमत म्हणजे करणारी लॅरिअन कंपनी इथलीच, गेंटची. इथे साडेचारला दिवे लावावे लागतात, बाहेर चिकचिक, मग माणूस काय करणार.

यात तुझ्याबरोबर सहा-सात जण जमतात पण बाहेर पडताना फक्त तिघांनाच नेता येतं, बाकीचे तंबूत. गेलची ताकद फक्त ८, त्याच्याकडे सामान दिलं की वाकतोच, म्हणून सगळं ओझं कार्लाखकडे. तिला हृदयाच्या जागी इंजिन बसवलंय, जवळ गेलं की चटका बसतो, पण स्वभावाने लाख पोरगी. अ‍ॅस्टेरियन रक्त पिणारा, कुणा गरिबाला मदत केली की याचं तोंड वाकडं. तेच कार्लाखला आवडतं. म्हणजे एकच गोष्ट केली तरी एक खूश आणि एक नाराज, आणि तो हिशोब गेम गुपचूप ठेवत असतो. आणि जास्तच वाईट वागलं, निर्वासितांची वस्ती वगैरे मारून टाकली, तर कार्लाख आणि विल (हाही बरोबरच्यांतलाच एक) सरळ सोडून जातात. गेल तर आपल्या जादूच्या वस्तूच मागतो, अंगठी, बूट काहीही, आणि संपवून टाकतो. त्याला नाही म्हणायला मला जमत नाही.

खरी डोकेदुखी शॅडोहार्ट आणि लेझेल, बरोबरच्याच दोघी. दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. मला आपल्याकडचं आजीचं वर्षश्राद्ध आठवलं, तू कशी मोठ्या काकूला पोळ्यांना बसवायचीस आणि धाकटीला मागच्या अंगणात भाजी निवडायला, दोघी एका ओट्यावर येणारच नाहीत असं. मी पण तेच केलं, एकीला नेलं की दुसरीला तंबूत. चांगले दहाबारा दिवस चाललं आणि मग एका रात्री तंबूतच चाकू निघाले! मुक्काम तर सगळ्यांचा एकत्रच असतो ना, ते माझ्या लक्षातच आलं नाही. समजूत घालायला वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो, मला पडले ३. एक मेलीच. पण आधीचं सेव्ह केलेलं होतं, परत लोड केलं आणि या खेपेला मिटलं. तुझ्या वेळी ही सोय नव्हती.

आणि रात्रीचा मुक्काम फुकट नाही, दर वेळी ४० शिधा लागतो, म्हणून मी प्रत्येक घरातली पिंपं उघडून बटाटे, चीज गोळा करत फिरतो. बाबा म्हणतील, इकडे कधी बाजारातनं कोथिंबीर आणली नाही. बरोबर आहे.

गेलची काळजी नको. विदर्स म्हणून एक वाळलेला म्हातारा आहे, २०० नाणी घेतो आणि उठवून देतो. त्याच रात्री गेल परत शेकोटीपाशी होता, बूट मागत.

बाळ्याला सांग डाउनलोड लावू नकोस, १५० जीबी आहे, बाबांच्या बातम्या अडकतील. मी सुट्टीत डिस्कवर घालून आणतो. आणि मेतकूट संपत आलंय, मावशी मार्चमध्ये येतेय तर तिच्याबरोबर दे, जरा जास्तच दे, इथे रूमवर पण खाणारे चौघे झालेत.

तुझा,
पिंट्या