बाळ्याला पत्र : शिंगाचं पेन

मिरज
रविवार, रात्री अकरा

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. स्कॉटलंडात जाऊन तू लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र, घेशील असं मला कधी वाटलं नव्हतं. शाळेत असताना माझ्या वडिलांच्या वर्कशॉपच्या दारातच उभा राहायचास, आवाजाला घाबरून आत यायचा नाहीस. आणि आता हरणाच्या शिंगाचं पेन! फोटो मोठा करून कितीदा बघितला. फार छान झालंय, मनापासून सांगतो. त्याला चीर का गेली असं विचारलंयस, तेही सांगतो.

आडव्या कापाचा फोटो बघितला आणि एकदम तुझी आजी आठवली. गालफुगी झाली की ती सहाणेवर सांबरशिंग उगाळून लेप लावायची. दोन-तीन वेळा माझ्याही गालाला लावलाय. तो तुकडा झिजून झिजून बोटाएवढा उरला होता, एका अंगाने तिरका, आणि तोंडाशी बारीक भोकं भोकं. तुझ्या फोटोत हुबेहूब तीच भोकं आहेत.

तुझी चीर कशाने गेली ते त्या भोकांवरून सांगतो. आपण सगळ्यालाच शिंग म्हणतो, पण म्हशीचं शिंग नखाच्या जातीचं, जन्मभर डोक्यावर राहणारं. हरणाचं म्हणजे निव्वळ हाड, दर वर्षी गळतं आणि दर वर्षी नवीन येतं. बाहेरून घट्ट, आत पावासारखं जाळीदार. ती जाळी पोकळ ठेवून टूल लावलंस तर कडा तुटणारच. भोक पाडलं की आत पातळ सुपरग्लू सोड, पिऊ दे, वाळू दे, परत सोड. मोठा खळगा असेल तर शिंगाचाच भुसा भरून वर ग्लू टाक. ड्रिल एका दमात घालू नकोस. चार-पाच मिलिमीटर गेलं की बाहेर काढ, बूर झाड, बिटाला हात लावून बघ. चटका बसला तर थांब. हाड तापलं की तेव्हा काही दिसत नाही, चीर दुसऱ्या दिवशी उघडते.

पण तुझी चीर टोकापासून निघालीय, म्हणून मला वेगळाच संशय आहे. शिंगाच्या भोकात पितळी नळी चिकटवताना गोंद नळीच्या आत उतरला असणार. शेवटी टोक दाबून बसवलंस तेव्हा त्या गोंदामुळे नळी फुगली आणि शिंग फाटलं. पुढच्या वेळी टोक बसवण्याआधी नळी आतून चाकूने खरवडून घे. आणि बाहेरून नळीला पॉलिश पेपर मारून ती खरखरीत कर, म्हणजे गोंद धरेल.

एक गोष्ट मात्र तू फार चांगली केलीस. वरची तपकिरी साल थोडी राखलीस. तो रंग जेमतेम सालीपुरताच असतो, पूर्ण गोल केलं की सगळं पांढरंफटक होतं. तुकडा निवडतानाच जवळजवळ पेनाच्या जाडीचा आणि त्यातल्या त्यात सरळ बघून घेत जा. आणि तोंडाला मास्क बांध रे. हाडाची धूळ छातीत जाते. दाताच्या डॉक्टरकडे येतो तसला वास आला तर समज, धूळ नाकात गेलीच.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाचं. ‘चार तुकडे पाठवतो, तूही कर’ असं लिहिलंस. नको पाठवूस. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये शिंगं गळतात आणि जमीनमालकाला विचारून तू ती उचलतोस, ते ठीक. इकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने जंगलात आपोआप गळालेलं शिंगसुद्धा घरी आणता येत नाही. आणि मला हे पटतं. गळालेलं म्हणून सोडलं असतं तर मारून आणलेलंही गळालेलंच म्हणून विकलं गेलं असतं. शिवाय ते जंगलात वाया जात नाही. साळिंदरं ती कुरतडून खातात, त्यातला चुना त्यांना लागतो. आपल्या चांदोलीच्या रानात सांबर आहे, त्याचं शिंग तिथंच पडलेलं बरं.

इथल्या सतारवाल्यांनाही सवय बदलावी लागली. शेजारचे चाचा सांगतात, पूर्वी घोडीसाठी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीसाठी, सांबरशिंगाला तोड नव्हती. आता ते उंटाचं हाड वापरतात. परवा तासभर त्यांच्याजवळ बसलो होतो. घोडीवर कानस एकदा हलकेच फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत एकदा फिरवायची. तासात केसाएवढंही हाड गेलं नसेल, पण जवारी उघडली, म्हणजे तारेला झंकार आला, तेव्हा अंगावर काटा आला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कागद कुणाला का मिळेना, मला त्या कानशीचा अभिमान वाटतो.

तिथूनच सुचलं. मी म्हशीच्या शिंगाचं पेन केलं. टोकाकडचा भाग भरीव असतो, तोच घेतला. पहिला तुकडा वाया गेला. कारखान्यातल्या सवयीने स्पीड वाढवला, केस जळल्यासारखा वास आला तरी थांबलो नाही. सकाळी बघतो तर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. फार वाईट वाटलं, कारण शिंगाचा दोष नव्हता, घाई माझी होती. दुसऱ्याला तीन संध्याकाळी दिल्या. टूलला दर पाच मिनिटांनी धार, शेवटी पाण्याने ओला करून बारीक पेपर, मग नुसता कापडी बफ. वर कसलंही फिनिश लावलं नाही. काळ्याभोर अंगात एक मधासारखी रेघ निघाली, उजेडात धरली की आरपार दिसते.

हे पत्र त्याच पेनाने लिहितोय. पेन मात्र पोस्टाने पाठवत नाही, डिसेंबरात येशील तेव्हा हातात देईन. येताना शिंग आणू नकोस, 7 मिलिमीटरच्या पितळी नळ्या तेवढ्या आण. इथं मिळतात त्यांची जाडी सारखी नसते. आणि ते चिरलेलं पेन टाकू नकोस, घेऊन ये. पातळ ग्लूने चीर भरून बघू.

आईने विचारलंय, थंडीत कान झाकतोस का.

तुझा,
दिल्या