ताई, रतीबाचं अ‍ॅप उभं राहिलं ते तुमच्या तपासणीमुळे

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

दुधाच्या रतीबाचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप प्ले स्टोअरवर आलं. नौपाडा, वर्तकनगर भागात दूध टाकणारे ते रोज वापरतात. यात तुमचा वाटा फार मोठा आहे. तुम्ही मोबदला घेतला नाहीत, अ‍ॅपमध्ये नावही टाकू दिलं नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र. आभार मानताना तुम्ही नेमकं काय केलंत तेही लिहितो. ठाणे-नवी मुंबईत घरी बसून, एआय हाताशी घेऊन एकट्याने अ‍ॅप बनवणारे आता पुष्कळ आहेत, त्यांनाही ते उपयोगी पडावं.

स्क्रीन, लॉगिन, डेटाबेसची टेबलं, बिलाची पीडीएफ हे सगळं एआय झपाट्याने लिहून देतं आणि बरंचसं नीट लिहितं. पण विचारलं तेवढ्याचंच उत्तर येतं. पहाटे क्रेट उतरवून घेणारा माणूस कसा काम करतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही तपासायला बसलात तेव्हा आधी कोड मागितला नाहीत, दूधवाल्याची मागच्या महिन्याची वही मागितलीत. रतीब, खाडा, जादा पिशवी, मागची बाकी अशी वहीतली ओळ न् ओळ अ‍ॅपमध्ये भरायला लावलीत. यापेक्षा चांगली तपासणी मला माहीत नाही.

सगळ्यात घातक चूक त्या वहीनेच पकडली. एआयने नोंदीची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवली होती आणि तारीखही त्याच वेळेवरून काढली होती. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे चालतं. त्यामुळे पहाटे ५:३० च्या आधीची प्रत्येक नोंद आदल्या दिवसावर पडते. दुपारी तपासलं तर हे कधीच दिसत नाही, कारण तेव्हा दोन्हीकडे तारीख एकच असते. दूधवाल्याच्या मात्र कितीतरी इमारती ५:३० च्या आत उरकलेल्या असतात. १ तारखेचं दूध मागच्या महिन्याच्या बिलात जातं आणि गिऱ्हाइकाशी वाद होतो. तुम्ही सुचवलेला उपाय सरळ होता: रतीबाची तारीख हा स्वतंत्र रकाना ठेवायचा, त्याचा प्रकार नुसता ‘डेट’, आणि तो फोनवरच्या स्थानिक तारखेने भरायचा. नोंद कधी झाली ती वेळ वेगळ्या रकान्यात यूटीसीत राहिली तरी चालते. मग फोनचं घड्याळ हाताने १ तारखेच्या पहाटे ४:५० वर नेऊन नोंद करून बघायची.

दराचंही तसंच. एआयच्या कोडमध्ये बिल काढताना गिऱ्हाइकाच्या नावापुढचा आजचा दर घेतला जात होता. तुम्ही कागदावर हिशेब मांडलात: ३० दिवसांचा महिना, रोज अर्ध्या लिटरच्या २ पिशव्या, ५, ६ आणि २० तारखेला खाडा, पिशवीचा दर १५ तारखेपर्यंत ३४ रुपये आणि १६ पासून ३५. पहिले १३ दिवस ८८४ रुपये, पुढचे १४ दिवस ९८० रुपये, एकूण १,८६४. अ‍ॅप १,८९० दाखवत होतं. दर प्रत्येक नोंदीसोबत साठवला की हा फरक जातो, आणि पुढे दर वाढला तरी जुनी बिलं बदलत नाहीत. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवायची. ‘डबल’सारख्या फ्लोटिंग पॉइंट प्रकारात (ज्यात अपूर्णांक अंदाजे साठवले जातात) ०.१ आणि ०.२ ची बेरीजसुद्धा तंतोतंत ०.३ येत नाही.

याच उदाहरणावरून तुम्ही टेस्टबद्दल, म्हणजे कोडचं उत्तर आपोआप ताडून बघणाऱ्या छोट्या प्रोग्रामबद्दल, बजावलंत ते प्रत्येकाने लिहून ठेवावं. टेस्टमधलं अपेक्षित उत्तर वहीतून घ्यायचं. एआयला कोड आणि टेस्ट दोन्ही लिहायला दिलं, तर कोड जे उत्तर देतो तेच टेस्टमध्ये बरोबर म्हणून येऊन बसतं. टेस्ट नापास झाली की कोडऐवजी टेस्टच बदलली जाते, असंही होतं. म्हणून एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलाआधी गिट कमिट (कोडची त्या क्षणाची प्रत जपून ठेवणं), आणि टेस्टच्या फायलीला हात लागला असेल तर तो बदल आधी वाचायचा.

सुरक्षेबाबत तुम्ही जराही सवलत दिली नाहीत, ते फार बरं झालं. सुपाबेस या ऑनलाइन डेटाबेस सेवेत अ‍ॅपसोबत जाणारी चावी सार्वजनिकच असते. खरं कुलूप म्हणजे रो लेव्हल सिक्युरिटी, टेबलातली कोणती ओळ कोणाला दिसावी हे ठरवणारी सोय. ती चालू आहे असं गृहीत धरायचं नाही, टेबलागणिक बघायचं. चालू असली तरी नियमात काय लिहिलंय ते वाचायचं, कारण एरर घालवायला एआय सरसकट ‘ट्रू’ (सगळ्यांना परवानगी) असा नियम लिहून मोकळं होतं. मग एका दूधवाल्याला दुसऱ्याची गिऱ्हाइकं, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर सगळं दिसतं. तुमची कसोटी अशी: दोन खाती उघडायची, दुसऱ्या खात्याच्या टोकनने (लॉगिननंतर मिळणाऱ्या ओळखीच्या खुणेने) पहिल्याची गिऱ्हाइकं मागायची, तीही अ‍ॅप बाजूला ठेवून थेट सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या ‘कर्ल’ या कमांडने. उत्तर रिकामं आलं पाहिजे. सर्व्हिस रोलची चावी, म्हणजे सुपाबेसची सर्वाधिकार असलेली गुप्त चावी, हे सगळे नियम ओलांडते, तेव्हा ती आणि एआय सेवेची चावी फक्त सर्व्हरवर ठेवायची. एपीके, म्हणजे फोनवर बसणारी फाइल, उघडून आतला मजकूर वाचणं अवघड नाही.

जिन्यात आणि लिफ्टमध्ये नेटवर्क जातं, हे घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये दूध टाकणाऱ्याला सांगावं लागत नाही. बटण दाबलं, काही हललं नाही, पुन्हा दाबलं, की दोन नोंदी. तुमच्या सांगण्यावरून नोंदीचा यूयूआयडी (प्रत्येक नोंदीचा वेगळा ओळख क्रमांक) आता फोनवरच तयार होतो आणि तीच नोंद पुन्हा आली तर सर्व्हर ती सोडून देतो. मराठी कीबोर्डवरून अंक देवनागरी येऊ शकतात आणि डार्ट या प्रोग्रामिंग भाषेतलं, मजकुराचा आकडा करणारं ‘इंट डॉट पार्स’ त्यावर कोलमडतं, हेही तुम्हीच दाखवलंत. अंक आत घेताना इंग्रजीत बदलायचे, दाखवताना हवे तर देवनागरी.

आणि ते १२ जण! १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या प्ले स्टोअरच्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला, अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी, किमान १२ जणांची क्लोज्ड टेस्ट (निवडक लोकांकडून चाचणी) सलग १४ दिवस चालवावी लागते. एकटा माणूस इथेच अडकतो. कोणी मधेच बाहेर पडलं आणि आकडा १२ च्या खाली गेला तर पंचाईत, म्हणून तुम्ही जास्तीची माणसं जमवलीत. दूधवाले, त्यांच्या घरचे, तुमच्या इमारतीतले शेजारी, प्रत्येकाचा फोन वेगळा. प्रत्येकाकडून चारच गोष्टी लिहून घेतल्यात: फोनचं मॉडेल, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. प्रॉडक्शनसाठी, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं करायला, अर्ज करताना गूगल विचारतं की टेस्टमधून काय कळलं आणि काय बदललं. तिथे त्या नोंदी थेट कामी आल्या. खातं काढून टाकायची सोय अ‍ॅपमध्ये आणि वेबवरही लागते, ही आठवणसुद्धा तुमचीच.

पुढच्या आवृत्तीत यूपीआयची लिंक येतेय. पैसे दिल्यावर यूपीआय अ‍ॅपने फोनवर परत पाठवलेलं ‘यशस्वी’ हे उत्तर पुरावा म्हणून धरायचं नाही, दूधवाल्याने खात्यात रक्कम बघूनच ‘जमा’ दाबायचं, असं ठेवलं आहे. तुम्हाला हे पटतं का, ते कळवा. तुमचा होकार येईपर्यंत ती आवृत्ती फक्त टेस्टमध्येच राहील.

मनापासून आभार, ताई. कळावे, लोभ असावा.

आपला,
रतीबाचं अ‍ॅप बनवणारा
नौपाडा, ठाणे