मेतकूट घेऊन या

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की मला रडू येतं आणि बाबा "बरं बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहायला बसले.

चिऊला डिप्रेशन आहे. अकरावीचा कंटाळा नव्हे, मोबाइलचं वेडही नव्हे. दोन महिने मीही तेच धरून चालले होते. दुपारपर्यंत लोळते, केस विंचरत नाही, म्हणून रोज ओरडले. डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासलं, मग मला बाहेर बसवून तिच्याशी बोलले. मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारलं म्हणे. मी दचकलेच. पण विचारल्याने तसलं काही डोक्यात शिरत नाही, उलट पोरं मोकळी होतात, म्हणाले.

आई, डॉक्टरांनी तिला दिलेली गोळी झोपेची नाही आणि तिचं व्यसनही लागत नाही. गुण दिसायला चारेक आठवडे जातात, तोवर चिऊवर जास्तच लक्ष ठेवायचं, गोळी मनाने बंद करायची नाही. पाकीट माझ्या कपाटात, कुलपात असतं. तुला दृष्ट काढायची तर खुशाल काढ, फक्त गोळीऐवजी नको.

बाबा, "आमच्या वेळी हे असलं नव्हतं" म्हणालात. माजघरातून वर्षानुवर्षं बाहेर न आलेली आक्काआत्या आठवते ना? तिला आपण सगळे "तऱ्हेवाईक" म्हणून मोकळे झालो.

रात्री ती फोन तुम्हालाच करते. (मला नाही, याचं वाईट वाटतं, पण असो.) जिवाबद्दल काही बोलली तर "वेडेपणा करू नकोस" म्हणू नका. "कुणाला सांगणार नाही" असा शब्दही देऊ नका. तिला बोलतं ठेवा आणि आईच्या फोनवरून मला लावा. काय बोलावं सुचेना झालं तर १४४१६, टेलि-मानस. सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतं, मराठीत बोलतात. कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दिवाळीला नक्की या. मार्क विचारू नका, "तुला कशाची कमी आहे" तर अजिबात नको. रमीचा डाव मांडा. बसली तर बसली.

आणि आई, मेतकूट आण. परवा तिने स्वतःहून मेतकूट-भात मागितला. मी धावत जाऊन दुकानातलं आणलं. दोन घास खाऊन म्हणाली, "हे आजीचं नाहीये."

तुमची,
सुमा