वालधुनीकाठच्या सभासदांसाठी तातडीची सूचना

सभासदहो,
दोन आठवडे झाले, मध्यरात्रीनंतर पुलावर टँकर थांबतो, पाइप वालधुनी नदीत सुटतो, रसायन ओतलं जातं. बी विंगच्या दारांच्या पितळी कड्या काळ्या पडल्यात. 2014 मध्ये उल्हासनगरात असंच रसायन वालधुनीत ओतलं गेलं आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावं लागलं.

रविवारी सकाळी 10 वाजता पार्किंगमध्ये सभा. घरटी एक जण हवाच. (मागच्या सभेला नऊ जण होते!)

- उग्र वास आला तर खिडक्या बंद करा, मुलं-वृद्धांना वरच्या मजल्यावर न्या, 112 लावा.
- टँकरचा नंबर, वेळ लांबूनच टिपा. ड्रायव्हरशी हुज्जत नको.
- काठावरची रिकामी पिंपं पाणी भरायला आणू नका.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा अर्ज वॉचमनकडे आहे. शनिवारपर्यंत सह्या करा.

– सेक्रेटरी