रमण विज्ञान केंद्रात भेटलेल्या त्या सगळ्यांचे खूप खूप आभार

रविवारी आईला आणि पोरीला घेऊन रमण विज्ञान केंद्रात गेलो होतो, तब्बल बावीस वर्षांनी. १९९२ ला हे सुरू झालं तेव्हापासून आमची प्रत्येक सुट्टी तिथेच असायची, आधी बाहेरचे डायनासोर, मग (१९९७ ला ते सुरू झाल्यावर) तारांगण आणि मग शुक्रवारी तलावाच्या काठाने घरी. सी. व्ही. रमण स्वतः सरकारी नोकरीत नागपूरला होते हे पण मला आईनेच सांगितलं होतं, तेच मी पोरीला सांगून राहिलो होतो आणि मागे वळून पाहतो तर आई डायनासोरजवळच मटकन खाली बसलेली. ऊन म्हणजे नागपूरचं मे महिन्याचं ऊन, पर्समध्ये कांदा ठेवला होता तिने, तरी चक्कर आलीच.

मला काही सुचेना. तेवढ्यात कॉलेजच्या दोन पोरी धावत आल्या, एकीने ओढणी ओली करून आईच्या डोक्यावर ठेवली, दुसरी कुठून तरी लिंबूपाणी घेऊन आली, पैसे घ्यायला तयारच नाही. "काकू, हळूहळू प्या, घाई नका करू." एक दादा माझ्या पोरीला कडेवर घेऊन डायनासोरचे दात मोजत होता, ती रडली सुद्धा नाही. आणि ते ऑटोवाले काका, गेटपर्यंत आत येऊन आईला हात धरून बसवलं, मीटरच्या वर एक रुपया नाही घेतला.

गडबडीत कोणाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आई आता एकदम ठीक आहे, रोज त्या पोरींची आठवण काढते. तारांगण पाहायचं राहिलं, ते दिवाळीनंतर पाहायला येणार आहोत.