जिजी, चौथी मूठ तुम्ही सांगितलीत

जिजी,

तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र पोरगीच वाचून दाखवेल. जोडाक्षरांना अडखळते अजून, तेवढं सांभाळून घ्या. चार लोकांसमोर लिहितोय, कारण शेजारी तुमच्या ओट्यावर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय मोडता.

2023च्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझी बायको माहेरी गेली, झोका खेळताना हात वर केला आणि काखेजवळ गाठ हाताला लागली. धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. डॉक्टरांनी दुधाची गाठ म्हणून शेकायला सांगितलं. दुखत नव्हती, म्हणून आम्हीही तीन महिने घालवले. दूध पाजणाऱ्या बाईलाही स्तनाचा कॅन्सर होतो आणि ती गाठ बऱ्याचदा दुखतच नाही, हे मला थेट मुंबईत कळलं. तो सल आहेच. आज उगाळत नाही.

दर तीन आठवड्यांनी केमो. आम्ही रात्रीच्या गाडीला निघायचो आणि पोरं तुमच्या घरात. पोरीच्या वेण्या, धाकट्याचं दूध सोडवणं, माझ्या बापाची भाकरी, सगळं तुम्ही ओढलंत. धाकट्याला दोन दिवस ताप होता, हे तुम्ही आम्हाला फोनवर कळूही दिलं नाही. मी परत आल्यावर चिडलो होतो. बरोबर तुमचंच होतं. कळलं असतं तर ती सलाईन उपटून आली असती. तोंडात फोड आले तेव्हा तिला फक्त तुमच्या ताकातल्या कण्या गिळता यायच्या.

त्या वर्षी अधिक श्रावण, म्हणून कानबाई, आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, उशिरा, ऑगस्टच्या शेवटी आली. डोक्याला रुमाल बांधून ती खाटेवर बसली, मांडीवर सूप, सुजलेल्या हाताने रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू निवडत. मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाली, "मग काय करू, पडून छत बघू?"

जानेवारीत ती गेली. एकतिसाव्या वर्षी. त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून "पोरे देखी ऱ्हायनात, भाऊ" म्हणालात, पोरं बघतायत म्हणून, तेवढं आठवतं.

2024ला आमच्याकडे रोट झाले नाहीत, वर्ष सरलं नव्हतं. 2025ला 3 ऑगस्टचा रविवार आला. बाईमाणूस घरात नाही, म्हणून गहू मोजायला मीच बसलो. आमच्यात दर पुरुषामागे सव्वा मूठ. बाप, मी, धाकटा. तीन वेळा सव्वा मूठ घेऊन मी सूप उचललं, तर तुम्ही दारातून म्हणालात, "चार घे. ती चार घ्यायची."

मी चक्रावलो. मग तुम्ही सांगितलंत: पोरगी झाली त्या वर्षापासून ती गुपचूप एक वाटा जास्त घालत होती. तुम्ही एकदा पाहिलंत, तर हसून म्हणाली होती, "अंडेर बी आपलीच शे ना, जिजी?" मुलगीही आपलीच ना, एवढंच; तेही सासरे ऐकतील म्हणून हळू आवाजात. एवढी वर्षं आम्ही तो रोट खाल्ला आणि आम्हाला पत्ता नाही! बापाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "घाल."

जिजी, पोरांना सांभाळल्याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. पण ही गोष्ट तुमच्याजवळ राहिली होती आणि तुम्ही ती मला दिलीत, त्याचे मानतो. नाहीतर तीनच मुठी चालू राहिल्या असत्या.

भाऊबंदकीबाहेरच्याला रोट चालत नाही, म्हणून तुमच्या ताटात एक तुकडाही वाढता आला नाही. हे मला खटकलं. तुम्हाला नाही, तुम्ही पोरीला सुपासमोर बसवण्यात गुंतला होतात. तिची मूठ इवलीशी, म्हणून तिच्याकडून दोनदा भरून घेतलीत.

तुमचे दोन स्टीलचे डबे आमच्याकडेच आहेत. रिकामे परत करायला हात होत नाही. उन्हाळ्यात बिबडे, ज्वारीचे पापड, करू, त्यांचं शिजतं पीठ, घाटा, ढवळायला तुम्हीच या, मग भरून नेऊ.

तुमचा,
शेजारचा भाऊ