पहिली बाजू

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही, दोनदा तुझा फोन उचलला नाही. शिव्या आधीच देऊन घे. झाल्या देऊन? मग पुढे वाच. तब्येत बरी. शुगर आहे तिथेच आहे, गुडघाही.

शुभा नागपूरला गेलीय. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली, आता दुसरा महिना संपत आला. कारण आईचं सांगितलंय, पण आई ठणठणीत आहेत. परवा त्याच मला फोनवर विचारत होत्या, वेळेवर जेवता ना? भांडण काही झालं नाही. झालं असतं तर निदान कशावरून ते कळलं असतं.

पण पत्र त्यासाठी नाही. काल जेवण उरकून आपल्या त्या अमेरिकन गायकाची, विली नेल्सनची ‘फेजेस अँड स्टेजेस’ ही रेकॉर्ड लावायला गेलो. तीच, तू ह्यूस्टनहून टॉवेलात गुंडाळून आणलेली. प्लेअरचं झाकण उघडलं तर रेकॉर्ड आतच. आणि वर पहिली बाजू.

मी पहिली बाजू लावत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत! त्यावरून आपण तीन आठवडे बोलत नव्हतो, शेवटी गोट्याने मिसळ खायला घालून मिटवलं. एकच काडीमोड, पहिल्या बाजूला तिची गाणी, दुसऱ्या बाजूला त्याची. तुझं म्हणणं, रेकॉर्ड १९७४ सालची असली तरी अशी मांडणी तोवर कुणी केली नव्हती (हे तू कशावरून म्हणायचास देव जाणे). माझं म्हणणं, चाली दुसऱ्या बाजूच्या चांगल्या. तू म्हणालास, ‘चालींचं सोड, तुला बाईचं ऐकायचंच नाहीये.’ मी काय म्हणालो ते आता लिहीत नाही.

तर दुसरी बाजू वाजवून वाजवून अशी झालीय की फोडणीसारखी तडतडते. पहिली कोरी. त्या कोऱ्या बाजूच्या लेबलच्या कडेला पिवळा ठसा. बोटाचा. चष्मा लावून पाहिलं, नाकाशी नेलं. हळद.

अरे, ही तीच बाई, जी मी रेकॉर्ड लावली की आतून ओरडायची, ‘त्याला आधी नाक शिंकरायला सांगा!’ म्हणजे मी ऑफिसात, कुकर गॅसवर, आणि ही तशाच हातांनी सुई ठेवून ऐकतेय. किती वेळा? एकदाच, की रोज?

मग मीही ऐकली, सबंध. पहिल्याच गाण्यात ती भांडी घासतेय, फरशी पुसतेय, त्याचे शर्ट धुतेय. तक्रार नाही; फक्त कॉलरवरच्या लाल डागांची. (माझ्या कॉलरवर लाल डाग कसले, तर पानाचे. हसू नकोस.) मग ती निघते. पळून नाही, नीट विचार करून, चालत. मग माहेर. आई तिला दिवसभर झोपू देते. ‘बघ, टेक्ससातसुद्धा माहेर म्हणजे झोप,’ हे तू म्हणायचास तेव्हा मला नुसती गंमत वाटायची. मग ती कोपऱ्यावरच्या बीअरच्या गुत्त्यात नाचायला जाते. शुभाच्या माहेरी कोपऱ्यावर रसवंती आहे, तेवढाच दिलासा.

मग उलटून दुसरी लावली. सुरुवातीलाच तो विमानात बसून तुझ्या ह्यूस्टनला निघालाय, पीत, आणि म्हणतो काय, तर ती न सांगता निघून गेली. न सांगता! अरे, सबंध पहिली बाजू दुसरं काय आहे? इतकी वर्षं मी त्या माणसाला मान डोलावली.

आणि ज्या गाण्याला मी हमखास डोळे पुसतो, ‘आय स्टिल कान्ट बिलीव्ह यू आर गॉन’, ते तर काडीमोडाचं नाहीच. ते विलीच्या ड्रमरसाठी, पॉल इंग्लिशसाठी, त्याची बायको वारली तेव्हाचं. तू सांगितलं होतंस, मी विसरलो होतो. म्हणजे मी दुसऱ्याच्या घरचं सुतक पाळत होतो.

रेकॉर्डचा निर्माता जेरी वेक्सलर, त्याने हे सगळं अलाबामात, मसल शोल्सला, दोन दिवसांत रेकॉर्ड करून घेतलं म्हणे. मला काल पहाटेचे तीन वाजले.

आता नागपूरला जावं, की फोन करावा, की काहीच कळलं नाही असं दाखवावं? फोन केला तर बोलायचं काय? ‘हळद दिसली’ म्हणू? रेकॉर्ड अजून तशीच आहे, ठसा पुसला नाही. पुसला तर तिला कळेल. नाही पुसला तरी कळेल.

चिन्मयीचं लग्न ठरल्याचं गोट्याकडून कळलं, अभिनंदन. मुलगा शाकाहारी आहे हेही कळलं, सांभाळून घे. छपराचं काम झालं का?

एक विचारू? खरं सांग. शुभाला ‘पहिली बाजू लाव’ हे तू सांगितलंस का? तू नसशील तर तुझ्या बायकोने. दर शनिवारी त्या दोघींचं तासभर काय चालतं ते मी कधी विचारलं नाही. हे पत्र तिला दाखवू नकोस. आणि दाखवलंस, तर ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझा,
अण्णा